सगळं मालकालाच विचारावं लागतं? छोट्या व्यवसायात टीम उभी करण्याची पद्धत

मालक दोन तासांसाठी बाहेर पडतो. गाडी जेमतेम रस्त्याला लागते, तोच फोन वाजतो. "त्या मोठ्या ऑर्डरला कुठला बॉक्स वापरायचा?" दहा मिनिटांनी दुसरा फोन: "पार्टी म्हणतेय बिल दोन भागांत करून द्या, देऊ का?" मग तिसरा: "माल आलाय, दोन नग कमी आहेत, सही करू?" विचारणारी माणसं कामाला चोख आहेत, कित्येक वर्षं तिथेच आहेत. तरी प्रत्येक गोष्ट फिरून मालकाकडेच येते.

अशा वेळी "माणसं जबाबदारीच घेत नाहीत" हे वाक्य तोंडून निघतं. बारा-तेरा माणसांचं युनिट चालवताना मीही हेच म्हणायचो. जबाबदारी घ्यायला माणसाला तीन गोष्टी लागतात: पुरेशी माहिती, ठरवण्याचा अधिकार, आणि निर्णय चुकला तर मालक कसा वागेल याची खात्री. यातली एकही मी दिलेली नव्हती, हे कळायला मला फार वेळ लागला. खालच्या पायऱ्या या तीन गोष्टी कशा द्यायच्या याच्या आहेत. क्रम शक्यतो बदलू नका. माहिती न देता अधिकार दिला की चुका वाढतात, आणि मग मालक अधिकारच काढून घेतो.

पहिली पायरी: सात दिवस प्रश्नांची वही

एक साधी वही घ्या. सलग सात कामाचे दिवस तुमच्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न त्यात लिहा. कोणी विचारला, काय विचारला, तुम्ही काय उत्तर दिलं, एवढंच. फोनवरचे, मेसेजवरचे, जाता-येता विचारलेले, सगळे. या आठवड्यात कोणाला काही शिकवायला जाऊ नका. फक्त नोंद करा.

आठवडा संपला की वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रश्नासमोर एक अक्षर लिहा. उत्तर म्हणजे निव्वळ माहिती असेल (कुठला बॉक्स, कुठला दर, कोणाचा नंबर) तर "मा". समोरच्याला उत्तर माहीत होतं पण तुमचा होकार हवा होता, तर "प", म्हणजे परवानगी. आणि खरोखर विचार करून ठरवावं लागलं असेल तर "वि". बहुतेकांच्या वहीत "वि" अगदी थोडे निघतात. "मा" कागदावर उतरवायचे आहेत, "प"साठी मर्यादा आखून द्यायच्या आहेत. उरलेले "वि" हे तुमचं खरं काम, आणि त्यासाठीच तुमच्याकडे आज वेळ उरत नाही.

वही जपून ठेवा. पुढे ती तीनदा लागणार आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक कामासमोर एकच नाव

व्यवसायात नियमित होणाऱ्या कामांची यादी करा, पण काम त्याच्या शेवटापासून लिहा. "डिस्पॅच बघणे" असं मोघम नको. "संध्याकाळी पाचपर्यंत आलेली प्रत्येक ऑर्डर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघालेली असेल" असं लिहा. वाचणाऱ्याला काम झालं की नाही हे तुम्हाला न विचारता कळलं पाहिजे.

मग प्रत्येक ओळीसमोर एक नाव. "दोघं मिळून बघतात" असं कुठेही ठेवू नका. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना एकेकटं आणि गटाने दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांत, आठ जण मिळून ओढत तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने लावलेल्या जोराच्या साधारण निम्म्यावर आला होता. काही जोर ताळमेळ नसल्याने वाया जातो, आणि पुढच्या प्रयोगांत दिसलं की काही जोर माणूस मुळात लावतच नाही, कारण आपला वाटा वेगळा दिसत नाही. एकच नाव लिहिलं की वाटा दिसतो. काम करायला चार हात असू देत, विचारायचं कोणाला ते एकच असावं.

नावाच्या पुढे आणखी एक रकाना ठेवा: बदली. हा माणूस आठवडाभर आला नाही तर कोण करणार? जिथे रकाना रिकामा राहतो तिथे तुमचा व्यवसाय एका माणसाच्या तब्येतीवर उभा आहे. असे रकाने आधी भरा, त्यासाठी नवा माणूस घेण्याआधी असलेल्यांना एकमेकांचं काम शिकवा. आणि तुमचं स्वतःचं नाव किती ओळींसमोर आहे तेही मोजा.

तिसरी पायरी: माणूस निवडताना गप्पांवर जाऊ नका

छोट्या व्यवसायात भरती घाईत होते. कोणीतरी सोडून जातं, ओळखीतून कोणीतरी येतं, पंधरा मिनिटं बोलणं होतं, "मुलगा बरा वाटतोय", उद्यापासून ये. मोठ्या कंपनीत एक चुकीची निवड खपून जाते. सहा जणांत ती म्हणजे टीमचा सहावा हिस्सा.

मोकळ्या गप्पांपेक्षा आधी ठरवलेल्या प्रश्नांची मुलाखत जास्त भरवशाची, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरची जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा अशी मुलाखत यादीत सर्वांत वर आली. कामाच्या ज्ञानाची चाचणी आणि प्रत्यक्ष काम करून बघणं याही वरच्या पद्धतींतच होत्या. यातलं काहीच खर्चिक नाही. पाच प्रश्न लिहून काढा, प्रत्येक उमेदवाराला तेच, त्याच क्रमाने विचारा, आणि उत्तराला लगेच गुण द्या. प्रश्न घडलेल्या गोष्टींबद्दल असावेत. "गिऱ्हाईक चिडलं तर काय कराल?" याला सगळे चांगलंच उत्तर देतात. "शेवटचं चिडलेलं गिऱ्हाईक आठवा. ते का चिडलं होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं?" हे विचारलं की जो त्यातून गेला आहे तो बारकावे सांगतो, आणि जो गेला नाही तो मोघम बोलायला लागतो.

मग अर्धा दिवस खरं काम द्या, त्याचा मोबदला देऊन. त्या अर्ध्या दिवसात वेगाकडे कमी लक्ष द्या. अडल्यावर तो विचारतो का, चूक झाली तर सांगतो का की झाकतो, हे बघा.

नातेवाईक किंवा मित्राला घ्यायचं असेल तर त्याच पाच प्रश्नांतून आणि त्याच अर्ध्या दिवसातून न्या, आणि बाकीच्यांना ते दिसू द्या. मालकाच्या माणसाला वेगळा नियम आहे हे एकदा कळलं की उरलेले नियम कोणी मनावर घेत नाही.

चौथी पायरी: शिकवणं हे काम समजून करा

"दोन दिवस याच्याबरोबर राहा, कळेल" ही आपली नेहमीची पद्धत. त्यात नवा माणूस जुन्याच्या सवयी उचलतो, वाईटसकट, आणि अमुक गोष्ट अशीच का करायची हे त्याला कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांना लाखो नवख्या कामगारांना झटपट तयार करायचं होतं. त्यासाठी पर्यवेक्षकांना शिकवण्याची एक चार टप्प्यांची रीत दिली गेली: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर लक्ष ठेवा. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, ही त्यामागची भूमिका. युद्धानंतर ती रीत जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखान्यांत मुरली.

आलेला माल उतरवून घेण्याचं काम शिकवायचं आहे असं धरा. पहिल्यांदा तुम्ही करा, तोंडाने बोलत करा. "गाडी आली की आधी चलन, म्हणजे मालासोबतचा यादीचा कागद, हातात घ्यायचं. अजून सही नाही. चलनावरचे बॉक्स आणि उतरलेले बॉक्स मोजायचे. कोपरा दबलेला, टेप फाटलेली, ओल लागलेला बॉक्स बाजूला. तो ड्रायव्हरसमोरच उघडायचा, कारण तो निघून गेल्यावर फुटलेला नग आपल्याच अंगावर पडतो. कमी असेल ते चलनावर लिहायचं, फोटो काढायचा आणि मग सही." दुसऱ्यांदा तो करेल आणि बोलेलही तोच. त्याने "सही शेवटी" म्हटलं की विचारा, "का?" कारण सांगता आलं तर तो शिकला. तिसऱ्यांदा तुम्ही लांब उभे राहा. चौथ्यांदा तिथे नसा, पण संध्याकाळी चलन बघा. आता दोन नग कमी आले तर तुम्हाला फोन येणार नाही.

पाचवी पायरी: एक पान, कामाच्या जागी

वहीतले "मा" आता बाहेर काढा. जाडजूड नियमावली करू नका, ती कपाटात जाते. एका कामाला एक पान, सात-आठ ओळी, आणि ते पान काम होतं तिथेच भिंतीवर.

कुशल माणसांना याची गरज नाही असं वाटेल. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं विमान उड्डाण करताच कोसळलं. वैमानिक अतिशय अनुभवी होते. विमान जमिनीवर असताना शेपटीकडच्या हलत्या पट्ट्या वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून लावलेला खटका काढायचा राहून गेला होता. दोघांचा जीव गेला. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणावर भर देण्याऐवजी उड्डाणापूर्वी तपासायच्या गोष्टींची छोटी यादी करण्यात आली, आणि त्याच विमानाची पुढची आवृत्ती हजारोंच्या संख्येने उडाली.

यादी जो काम करतो त्यालाच लिहायला सांगा. तुमच्या शब्दांत लिहिलेली यादी तुमची राहते, त्याने लिहिलेली तो वापरतो आणि सुधारतोही. तुम्ही वाचून फक्त विचारा, "नवीन माणसाने हे वाचलं तर कुठे अडेल?"

सहावी पायरी: मर्यादा आखून अधिकार द्या

ही पायरी सर्वांत अवघड आहे, आणि सगळी टीम हिच्यावर उभी राहते किंवा इथेच बसते.

वहीतले "प" घ्या आणि तीन गट करा. पहिला: ठरवा आणि करा, मला सांगायची गरज नाही. दुसरा: ठरवा, करा, संध्याकाळी सांगा. तिसरा: आधी विचारा. प्रत्येक गटाला आकडा द्या. "छोटी सवलत द्यायला हरकत नाही" याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. "बिलाच्या ५ टक्क्यांपर्यंत सवलत, महिन्यात एकाच गिऱ्हाइकाला एकदा" याचा अर्थ एकच होतो. खराब माल बदलून देणं, ओव्हरटाइम, किरकोळ खरेदी, पोहोचवण्याची तारीख पुढे ढकलणं, प्रत्येकासाठी अशी रेघ ओढा. सुरुवातीला रेघ जवळ ठेवा, दर तीन महिन्यांनी पुढे सरकवा.

कागदावर हे सोपं आहे. खरी परीक्षा होते ती पहिल्यांदा कोणी त्या रेघेच्या आत राहून, तुम्हाला न पटणारा निर्णय घेतो तेव्हा.

मी काउंटरवरच्या आमच्या माणसाला सांगितलं होतं की माल खराब निघाला तर तूच बदलून दे. आठवडाभरात एक गिऱ्हाईक आलं, त्याने वापरलेला नग खराब म्हणून परत आणला, आणि आमच्या माणसाने बदलून दिला. मी मागेच उभा होतो. माझ्या मते नग वापरून खराब झालेला होता. मी गिऱ्हाइकासमोरच म्हणालो, "अरे, नीट बघत तरी जा." तो काहीच बोलला नाही. पावतीवर शिक्का मारून त्याने ती पुढे सरकवली. त्यानंतर कित्येक महिने तो प्रत्येक नग बदलून देण्याआधी आत येऊन मला विचारत राहिला, आणि शेजारचे दोघंही. मी दिलेला अधिकार त्या एका वाक्याने तिघांकडूनही काढून घेतला होता. त्या नगाची किंमत त्यापुढे काहीच नव्हती. तो अधिकार त्यांनी पुन्हा वापरावा यासाठी मला सगळ्यांसमोर "माझी चूक झाली" म्हणावं लागलं, आणि तरीही वेळ लागला.

म्हणून आधीच ठरवून ठेवा: रेघेच्या आतला निर्णय त्या दिवशी कायम राहील, तो मालकाला पटो न पटो. गिऱ्हाइकासमोर तुम्ही तुमच्या माणसाच्या बाजूने उभे राहाल. दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना, विचाराल, "काल काय बघून ठरवलंस?" त्याचं ऐकून घेतल्यावर तुम्ही काय बघितलं असतं ते सांगाल. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर रेघ बदला, माणसाला बोल लावू नका.

आणि रेघेच्या आतला प्रश्न घेऊन कोणी आलंच, तर उत्तर देऊ नका. "तुला काय वाटतं?" विचारा, आणि ते चालण्यासारखं असेल तर "कर" म्हणा. स्वतः उत्तर देणं दहा सेकंदांचं काम असतं, म्हणूनच हे जड जातं.

सातवी पायरी: रोज दहा मिनिटं

रोज ठरलेल्या वेळी, उभ्या-उभ्या, दहा मिनिटं. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय राहिलं, आज काय आहे, कुठे अडलंय. मालक शेवटी बोलेल. तुम्ही आधी बोललात की बाकीचे तुमच्याच मताला धरून बोलतात. वाद सुरू झाला तर त्या दोघांनी नंतर बसावं, सगळ्यांना थांबवू नये. सोबत एका फळ्यावर तीन-चारच आकडे: वेळेवर निघालेल्या ऑर्डर, परत आलेला माल, थकलेली वसुली. आकडे टीममधल्याच कोणीतरी लिहावेत.

आठवी पायरी: चूक लवकर कळली पाहिजे

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीम आणि औषध देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, पण त्यांच्या नोंदी जास्त निघाल्या. ती माणसं चुका लपवत नव्हती. न घाबरता बोलता येणं आणि टीमने शिकत जाणं यांचा संबंध त्यांनी पुढे १९९९ च्या संशोधनात मांडला.

तुमच्याकडे महिनाभर एकही चूक कानावर आली नसेल तर निर्धास्त होऊ नका. चूक सांगणाऱ्याला तुमचं पहिलं वाक्य काय मिळतं, ते तपासा. "बरं झालं आत्ता सांगितलंस, गिऱ्हाइकाला कळवलं का?" एवढं पुरतं. कारण नंतर शोधा, आणि "कोणी केलं?" ऐवजी "हे आधी कुठे अडवता आलं असतं?" विचारा. उत्तर बहुधा भिंतीवरच्या पानात एक ओळ वाढवण्यात निघतं. जाणूनबुजून केलेली फसवणूक किंवा पुन्हा पुन्हा केलेली टाळाटाळ ही वेगळी गोष्ट आहे, तिला ही सवलत नाही.

कामाबद्दल बोलतानाही हेच भान हवं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. तीनातल्या एकापेक्षा जास्त प्रसंगांत अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरली होती, आणि बोलणं कामावरून माणसावर गेलं की परिणाम बिघडतो असं त्यांचं म्हणणं होतं. "तू फार निष्काळजी झालायस" ऐकून माणूस स्वतःला वाचवायला लागतो. "या आठवड्यात तीन पार्सलवर पत्ता अर्धवट गेला, पत्ता कुठून घेतोस ते दाखव" म्हटलं की दोघंही पार्सलकडे बघता. प्रत्येकाशी महिन्यातून एकदा अर्धा तास एकांतात बसा. कौतुकही नेमकं करा. "छान काम" विसरलं जातं. "काल गर्दीत तू रांगेतल्या शेवटच्या माणसाला आधीच सांगून ठेवलंस, म्हणून तो थांबला" हे लक्षात राहतं.

पगाराबद्दल थोडक्यात: तारीख चुकवू नका. तारीख चुकणार असेल तर आदल्या आठवड्यात स्वतः, तोंडावर सांगा. हे सांभाळलं नाही तर वरचं काहीच टिकत नाही.

नववी पायरी: माणसं वाढली की बांधणी बदला

चार जणांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या ६ होतात, आठ जणांत २८, बारा जणांत ६६. पाच जण असताना हाकेवर चालणारं काम दहाव्या माणसाला गोंधळाचं का वाटतं, याचं उत्तर या आकड्यांत आहे. सात-आठच्या पुढे गेलात की दोन छोटे गट करा आणि प्रत्येकाला एक प्रमुख द्या.

प्रमुख निवडताना सर्वांत चांगल्या कारागिराला ती जागा बक्षीस म्हणून देऊ नका. दुसऱ्याला अडलं की स्वतः काम ओढून घेणारा हात लवकरच तुमच्यासारखाच अडकतो. बाकीचे अडल्यावर आपणहून कोणाकडे जातात ते काही दिवस बघा. ते नाव बहुधा तुम्ही ठरवलेलं नसतं. चांगल्या कारागिराला त्याच्या कामातच मान आणि वाढ मिळेल अशी सोय करा. आणि प्रमुख नेमल्यावर त्याला वगळून खालच्यांना परस्पर कामं सांगू नका. ही मालकांची सवय सुटायला वेळ लागतो.

नवा गट पहिले काही आठवडे सौजन्याने वागतो आणि मग कुरबुरी सुरू होतात. घाबरू नका, ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटांच्या वाढीचे टप्पे मांडले तेव्हा हा खटक्यांचा टप्पा त्यांत होताच. कामाच्या पद्धतीवरून वाद असेल तर समोरासमोर होऊ द्या, एखाद्याला टोचून बोलणं सुरू झालं तर त्याच दिवशी थांबवा.

स्पष्ट काम, नीट शिकवण आणि पुरेसा वेळ देऊनही कोणाचं जमत नसेल, तर त्याला काय बदलायला हवं आणि कधीपर्यंत, हे लिहून द्या. नाही जमलं तर त्याचे पैसे चुकते करून, सन्मानाने निरोप द्या. वर्षभर रेंगाळत ठेवण्यात त्याचंही नुकसान आहे, आणि त्याचं काम ओढणारे बाकीचे सगळं बघत असतात.

मग एक आठवडा बाहेर राहा

चार-सहा महिन्यांनी पाच कामाचे दिवस गैरहजर राहण्याचं ठरवा. आधी एक दिवस, मग दोन, मग पाच. संपर्कासाठी एकच वेळ ठेवा, संध्याकाळी पंधरा मिनिटं. त्या दिवसांत प्रश्नांची वही टीमकडे द्या. जे अडलं ते त्यांनी लिहायचं, आणि शेवटी काय ठरवलं तेही.

परत आल्यावर पहिल्या दिवशी त्यांचा एकही निर्णय फिरवू नका. त्यांची वही आणि तुमची जुनी वही शेजारी ठेवा. जो प्रश्न दोन्हीकडे आहे, त्याचं पान कुठे कमी पडतंय किंवा रेघ कुठे पुढे सरकवायची, हे ज्याने तो प्रश्न लिहिला त्याच्याबरोबर बसून ठरवा.